न धुण्याचा दिवस

आमच्या गावात वर्षाच्या पहिल्या दिवशी कुणी कपडा पाण्यात घालत नाही. नाही म्हणजे हातरुमालसुद्धा नाही. तान्ह्या मुलाची दुपटी बादलीत झाकून ठेवतात आणि घरभर वास सहन करतात, पण धूत नाहीत. त्या दिवशी दोरीवर ओलं फडकं दिसलं तर त्या घरातलं एक माणूस वर्षाच्या आत जातं, असं आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. खरं मानणारे मानतात, न मानणारेही उगाच विषाची परीक्षा कशाला म्हणून बादलीला हात लावत नाहीत.

इतरांना या रिवाजाचं फारसं काही वाटत नसेल. आम्हाला वाटायचं, कारण आम्ही धुलाईघरात कामाला होतो. गाव हवा खायला येणाऱ्यांचं. हॉटेलं पुष्कळ, आणि सगळ्या हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, पलंगपोस आमच्याकडे यायचे. आमच्या घरातल्या तिघी तिथे. सासूबाई आलेली गाठोडी सोडून कपड्यांची वर्गवारी करायच्या, स्टुलावर बसून. मी पिळून आलेले कपडे झटकून देत असे. माझी थोरली जाऊ मोठ्या रोलरवर. हे रोलर म्हणजे वाफेने तापलेले दोन जाडजूड लोखंडी रूळ. एका बाजूने ओलसर चादर घालायची, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, कडक, सपाट होऊन येते. तिथे उभं राहणाऱ्या बाईला उन्हाळा-हिवाळा सारखाच.

आठवड्याची सुट्टी आम्हाला होती, पण ती घरचं धुणं काढण्यात जायची. दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बाईचे स्वतःचे कपडे काही आपोआप धुतले जात नाहीत. वर्षाचा पहिला दिवस हा असा एकच, की धुलाईघर बंद आणि घरची बादलीही पालथी. त्या दिवशी आम्ही निजायचो. दुसरं काही नाही. उठून कालचं काहीतरी खायचं आणि पुन्हा निजायचं. घरातली पुरुष माणसं त्या दिवशी पाय न वाजवता हिंडत, कारण थोरलीला कुणी उठवलं तर काय होईल ते त्यांनी एकदा पाहिलेलं होतं.

त्या वर्षी थोरलीला हा दिवस फारच हवा होता. उभ्या उभ्या तिचे डोळे मिटायला लागले होते. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्या म्हणाले. थोरली म्हणाली की गोळ्या तेवढ्या मिळाल्या. मग एके दुपारी रोलरवर तिचा तोल गेला आणि बाहीची कड रुळात सापडली. मी जवळ होते म्हणून यंत्र थांबवायचं लाल बटण दाबलं. बाही फाटली, हात वाचला. थोरलीने फाटलेल्या बाहीकडे पाहिलं, बाकीची तिने स्वतःच फाडून टाकली आणि पुढची चादर उचलली. त्यानंतर ती काही बोलली असेल तर एवढंच, की वर्ष पालटू दे, त्या दिवशी घराला आग लागली तरी मला हाक मारू नका.

आणि नेमके त्याच वर्षी जावईबापू आले.

जावईबापू हे आम्ही ठेवलेलं नाव. धुलाईघराच्या मालकांचे ते जावई. मालकांचे गुडघे गेले तसा कारभार त्यांच्याकडे आला. माणूस वाईट नव्हता. आम्हा सगळ्यांना मावशी म्हणायचा, अगदी त्याच्याहून लहान असलेल्यांनाही. पण वर्षअखेरीला हॉटेलं भरलेली असतात आणि ऐन त्याच दिवशी धुलाईघर बंद म्हणून हॉटेलवाले त्याचा फोनवर जीव खात. त्याचेही डोळे लाल असत. त्याने आम्हाला जमवून समजावलं की अहो, यंत्राला काय कळतंय आज कुठला दिवस आहे. कुणी ऐकलं नाही. बॉयलरवाल्याने तर तोंडावर सांगितलं की साहेब, तुम्ही स्वतः एक टॉवेल त्या दिवशी धुऊन वाळत घाला, मग पुढच्या वर्षी आपण बघू. जावईबापू हसले, पण टॉवेल धुतो असं काही म्हणाले नाहीत.

मग त्यांनी एक युक्ती काढली. विद्यापीठात सण आणि रिवाज कुठून आले याचा अभ्यास करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना बोलावलं. जाणत्या माणसाने समजावलं म्हणजे आमच्या डोक्यातली भीती जाईल, असा त्यांचा हिशेब.

बाई आल्या त्या सर्दीने बेजार होऊन. कोटाच्या खिशात रुमाल, आवाज बसलेला. आमच्यासारख्याच दमलेल्या दिसत होत्या. वर्गवारीच्या खोलीत आम्ही गाठोड्यांवर बसलो आणि त्या सासूबाईंच्या स्टुलावर. त्यांनी सांगितलं की हा रिवाज तुमच्या गावापुरता नाही. फार फार जुना आहे, लिहिणं नव्हतं तेव्हापासूनचा. वर्ष पालटतं तेव्हा पाण्याच्या काठी एक बाई धुणं धूत बसते, आणि ती ज्यांचे कपडे धुते ती माणसं पुढच्या वर्षी नसतात. त्या दिवशी आपण पाण्यात कपडा घातला तर तो वाहत तिच्या हातात जातो. दूरदूरच्या देशांत, एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांत ही गोष्ट सापडते. नद्या वेगळ्या, बाई तीच.

जावईबापू वाट पाहत होते की आता बाई म्हणतील, म्हणून यात काही अर्थ नाही. बाईंनी तसं काही म्हटलं नाही. त्यांनी नाक पुसलं आणि चहा आहे का विचारलं.

जे आधी नुसतं घरातलं जुनं बोलणं होतं, ते आता देशोदेशीचं निघालं. बॉयलरवाल्याने कानाला हात लावला. त्या दिवसानंतर धुलाईघरात एकही माणूस असा राहिला नाही जो पहिल्या तारखेला यायला तयार झाला असता. घरी जाताना थोरलीनेसुद्धा मला हळूच विचारलं, "खरंच असेल का गं ती?"

मला हसूच आलं. कारण आम्हाला दोघींना खरं ठाऊक होतं.

माझं लग्न झालं त्या पहिल्याच वर्षी, याच दिवशी, आम्ही तिघी एका खोलीत आडव्या पडलो होतो तेव्हा सासूबाईंनी ते सांगितलेलं. त्यांच्या आजेसासूबाईंच्या वेळी धुलाईघर नव्हतं, बायका हौदावर हाताने धुवायच्या. आजेसासू बाळंत होऊन उठलेल्या, घरात माणसं पुष्कळ, आणि वर्षअखेरीचं सगळं धुणं त्यांच्यापुढे येऊन पडलं होतं. सकाळी उठायची वेळ झाली आणि त्यांच्याच्याने उठवेना. तेव्हा त्यांनी पडल्या पडल्या सांगितलं की मला पहाटे हौदावर एक बाई दिसली, परकी, ती धूत होती, आणि तिने मला सांगितलं की आज जो पाण्याला शिवेल त्याच्या घरचं माणूस मी नेईन. त्यांच्या सासूने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि धुणं उचलून कोपऱ्यात सरकवलं. शेजारणींना काही समजावून द्यावं लागलं नाही. दुपारपर्यंत निम्म्या गल्लीतल्या बायकांना ती बाई पहाटे दिसलेली होती.

हे सांगून सासूबाई म्हणाल्या होत्या की पुरुषांना सांगू नका, ते तपासायला जातील.

तर आता बाईंचं भाषण झालं, धुलाईघर काही उघडणार नाही हे जावईबापूंना कळलं आणि त्यांनी हात टेकले, असं आम्हाला वाटलं. पण त्यांचं डोकं दुसरीकडे चाललं होतं. त्यांनी हॉटेलवाल्यांना सांगितलं की तुमच्या पाहुण्यांना एक प्राचीन रिवाज बघायला मिळेल. पहिल्या तारखेला सकाळी धुलाईघराच्या अंगणात या. तिथे पिढ्यान्‌पिढ्या धुणं धुणाऱ्या बायका आज पाण्याला शिवणार नाहीत. पांढरे कपडे घालून, पुढ्यात टोपल्या घेऊन बसतील. सर्वांत वडील बाई ती गोष्ट सांगतील, विद्यापीठातल्या बाई तिचा उगम समजावतील.

आम्हाला त्यांनी हे फार आनंदाने सांगितलं. वर म्हणाले, "फक्त बसायचंच तर आहे, मावशी. बसायला कसले आलेत कष्ट?"

"बसायचंच आहे तर घरी बसते," थोरली म्हणाली.

त्यावर जावईबापूंनी आवाज न चढवता सांगितलं की हे जमणार नसेल तर मला बाहेरून माणसं आणून यंत्रं चालू करावी लागतील. त्यांना या गावची गोष्ट ठाऊक नाही, ती धुतील. आणि एकदा तो दिवस उघडला की तो पुढे उघडाच राहील. यात धमकी नव्हती. त्यांना खरंच तिसरा रस्ता दिसत नव्हता.

घरी आल्यावर मी सासूबाईंना म्हटलं की तुम्हीच काय ते खरं सांगून टाका. ही गोष्ट आपल्या घरात बसून रचलेली आहे, प्राचीन वगैरे काही नाही, म्हणजे कुणाला बघायलाही यावंसं वाटणार नाही. सासूबाई पाय चेपत बसल्या होत्या, स्वतःचेच.

"रचलेली आहे म्हटलं तर त्याच दिवशी बॉयलर पेटेल," त्या म्हणाल्या. "खरी आहे म्हटलं तर जत्रेतल्या बाहुल्यांसारखं बसायचं. आपलं निजणं दोन्हीकडे गेलंच."

थोरली भिंतीला टेकून कांदा चिरत होती आणि मधेच तिची सुरी थांबत होती. मी तिच्या हातातून ती काढून घेतली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी कामाला उसंत नव्हती. दुसऱ्या दिवशी बंद म्हणून हॉटेलांनी दोन्ही दिवसांचं आदल्या दिवशीच मागितलं. गाठोडी दारापर्यंत रचलेली. मी कपडे झटकायचं काम दुसरीला देऊन रोलरच्या बाजूला, लाल बटणापाशी उभी राहिले आणि दिवसभर तिथून हलले नाही. थोरलीला ते कळत होतं. तिने एकदाच माझ्याकडे बघून म्हटलं की असं टक लावून नको बघूस, मला मेल्यासारखं वाटतं. अंधार पडताना शेवटची चादर निघाली. घरी चालत येताना ती माझ्या दंडाला धरून होती आणि तिचं वजन किती कमी झालंय ते मला तेव्हा कळलं.

पहिल्या तारखेला, आम्ही डोळे उघडतो न उघडतो तोच जावईबापूंचा निरोप. रिकाम्या टोपल्या फोटोत बऱ्या दिसत नाहीत, त्यांत पांढऱ्या चादरींच्या घड्या हव्यात. आणि घड्या तर आदल्या दिवशी हॉटेलांत गेल्या. कपाटात जुन्या चादरी होत्या, पण चुरगळलेल्या. इस्त्री म्हणजे काही धुणं नव्हे, पाण्याचा संबंध नाही, तेव्हा रिवाजही मोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. बॉयलरवाल्याने त्यावर विचार केला आणि होकारार्थी मान डोलावली. त्यामुळे सगळ्यांच्या आधी थोरली जाऊन रोलरवर उभी राहिली. पाहुणे अंगणात जमायला लागले तेव्हा ती शेवटची घडी टोपलीत ठेवत होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रोलरवर नवी मुलगी आली की तिला पहिल्यांदा बटण दाखवत नाहीत. पहिल्यांदा हे सांगतात की गरम ढिगाला टेकू नकोस. नुकत्या निघालेल्या चादरींचा ढीग कमरेइतका होतो, मऊ असतो, आणि त्याची ऊब अंगात हळूहळू येते, पायांकडून. दमलेलं माणूस टेकलं की त्याला कळायच्या आत ते झोपी गेलेलं असतं. जुनी माणसं त्या ढिगापासून हातभर लांब उभी राहतात. इतकी सवय असते की घरीसुद्धा घड्या केलेल्या कपड्यांना आम्ही टेकत नाही.

अंगणात गार वारा होता. आम्ही ओळीने जमिनीवर बसलो, पांढरे कपडे, डोक्याला पांढरे रुमाल, प्रत्येकीच्या पुढ्यात टोपली. थोरलीची टोपली सर्वांत उंच भरलेली, कारण शेवटच्या घड्या तिच्याच. पाहुणे समोर अर्धगोल करून उभे होते, जाड कोटांत, हातांत फोन. जावईबापू सगळीकडे फिरत होते. विद्यापीठातल्या बाई एका बाजूला खुर्चीवर होत्या, सर्दी तशीच. सासूबाई मध्यभागी स्टुलावर. काय सांगणार आहात असं मी त्यांना वाटेत विचारलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या की तोंड उघडेल तेव्हा कळेल.

त्यांनी तोंड उघडलं. "एका घरात एक सून होती," त्या म्हणाल्या. "नुकतीच बाळंत झालेली."

ही ती गोष्ट नव्हती. ही घरातली होती.

पण पुढचं वाक्य आलंच नाही. सासूबाई थोरलीकडे बघत होत्या. मीही वळले. थोरलीने टोपली कुशीला ओढून घेतली होती, डोकं त्या ऊबदार घड्यांवर टाकलं होतं आणि तिचं तोंड किंचित उघडं होतं. इतक्या वर्षांत, हे सगळ्या मुलींना शिकवणारी ती, गरम ढिगाला टेकली होती.

कुणीतरी हसलं. एका पाहुण्याने फोन वर केला. जावईबापूंनी मला लांबून खूण केली, उठवा. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने डोळे न उघडता, अगदी समंजस आवाजात सांगितलं, "एवढा ढीग झाला की आलेच." माझा हात पुढे काही करेना. तेव्हा जावईबापू स्वतःच निघाले, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी हसू ठेवून.

"उठवू नका त्यांना," विद्यापीठातल्या बाई म्हणाल्या.

आवाज बसलेला असल्यामुळे ते फार मोठ्याने आलं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. त्या खुर्चीवरून उठल्या आणि मधे येऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी पाहुण्यांना समजावलं की या रिवाजाचा हाच गाभा आहे. वर्षाची शेवटची घडी जिच्या हातची, तिने पहिल्या दिवशी निजायचं असतं. ती निजलेली असते तोवर पाण्याकाठची ती बाईसुद्धा हात थांबवते, म्हणजे तेवढा वेळ कुणालाच काही होत नाही. म्हणून कुणी बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, आणि तिला जो जागं करेल त्याचे कपडे आधी धुतले जातात.

जावईबापूंचा पाय जिथे होता तिथेच राहिला. ज्याने फोन वर केला होता त्याने तो खिशात घातला, आणि मी बघितलं, खिशात घातल्यावरही हात वरून दाबून धरला. अंगणात इतकी शांतता झाली की बॉयलरची नळी गार होताना टिकटिक करते ती ऐकू येऊ लागली.

पाहुणे थोडा वेळ उभे राहिले. मग एकेक, दोघे दोघे, टाचा न टेकवता निघून गेले. एका म्हाताऱ्या पाहुणीने जाताना स्वतःची शाल काढली आणि थोरलीच्या पायांवर घातली, आणि मागे न बघता गेली. तोवर ओळीतल्या इतर जणीही आपापल्या टोपलीवर कलंडल्या होत्या. सासूबाईंनी स्टुलावरून उतरून जमिनीवर बैठक मारली आणि त्यांचीही मान पुढे गेली. त्यांची गोष्ट एका वाक्यावर राहिली ती राहिलीच.

बाई माझ्या शेजारी येऊन टेकल्या. त्यांनी बूट काढले, मोजे ओढून नीट केले आणि बराच वेळ पायांची बोटं हलवत बसल्या.

"हे कुठेही सापडत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ता मी जे सांगितलं ते. आयुष्यात पहिल्यांदाच असं केलं."

मला त्यांची दया आली, इतका त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणून मी त्यांना सासूबाईंच्या आजेसासूची गोष्ट सांगितली, हौद, धुणं, परकी बाई, सगळं. मला वाटलं त्या लिहून घेतील, नाहीतर म्हणतील की असं कसं, ही गोष्ट तर देशोदेशी आहे. त्यांनी काहीच लिहून घेतलं नाही. देशोदेशीही तेव्हा कोणीतरी बाळंतीण असेलच, असं मात्र त्या पुटपुटल्या. मग त्यांनी विचारलं, "त्यांची झोप झाली का त्या दिवशी?"

इतक्या वर्षांत हे आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं. मी म्हटलं की ते कुणी सांगितलेलं नाही.

बाईंनी मान हलवली. त्यानंतर त्या खुर्चीवर परत गेल्याच नाहीत. भिंतीला पाठ लावून त्यांनी डोळे मिटले.

जावईबापू कार्यक्रमाचा विचका झाला म्हणून आधी धुसफुसले. पण संध्याकाळपर्यंत हॉटेलवाल्यांचे फोन आले की पाहुणे त्या शांततेबद्दलच बोलतायत. तेव्हापासून दरवर्षी पाहुणे येतात, फाटकाबाहेर चपला-बूट काढतात, लहान मुलांच्या तोंडावर हात ठेवतात, थोडा वेळ उभे राहतात आणि जातात. गोष्ट कुणी सांगत नाही. अंगणात आता गाद्या घालतात. घरच्या अंथरुणाची सर त्याला नाही, पण यंत्रं बंद असतात.

त्या दिवशी ऊन अंगणाच्या मध्यावर आलं तेव्हा थोरली जागी झाली. मान दुखत असावी. तिने आधी घड्या पाहिल्या, मग रिकामं अंगण, मग आडव्या झालेल्या आम्हा सगळ्यांना, आणि ती घाबरून उठायला लागली. दोन्ही हात चादर धरायच्या बेतात पुढे आले.

"जाऊबाई, आज काही नाही," मी म्हटलं. "पडा."

तिने माझ्याकडे खरं सांगतेस ना अशा नजरेने पाहिलं. घड्या एव्हाना गार झालेल्या होत्या. तिने वरच्या दोन उलगडल्या, एक स्वतःवर घेतली, एक माझ्याकडे टाकली आणि कूस बदलली.